चापाला सरोवराकाठी निवृत्तीनंतर राहायचे झाल्यास पाण्याची खात्री कशी करून घ्यावी?

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

नमस्कार. आमचा मुलगा मेक्सिकोतील ग्वादलाहारा शहरात संगणक क्षेत्रात नोकरीला आहे आणि निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी त्याच्या जवळ येऊन राहावे, असा त्याचा आग्रह आहे. शहरापासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर चापाला हे मेक्सिकोतील सर्वांत मोठे सरोवर असून त्याच्या उत्तर काठावरील अहिहीक या गावात अमेरिका आणि कॅनडातून आलेले निवृत्त लोक मोठ्या संख्येने राहतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटर उंचीमुळे तिथली हवा वर्षभर सौम्य असते आणि सौ.च्या संधिवाताला ती मानवेल, असे वाटते.

मात्र याच सरोवरातून ग्वादलाहाराला पाणी जाते, कोरड्या वर्षांत त्याचा काठ खूप मागे हटतो आणि मुलाच्या घरीही उन्हाळ्यात अधूनमधून टँकर मागवावा लागतो. उतारवयात परक्या देशात, भाषा येत नसताना, पाण्यासाठी वणवण करण्याची वेळ येऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे. घर घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त शाखा अभियंता (राधानगरी)

काका, पाटबंधारे खात्यात उभी नोकरी झाल्यामुळे आधी आकड्यांकडे पाहतो. चापाला पूर्ण भरले तर त्यात सुमारे 280 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते, म्हणजे कोयनेच्या अडीच पटींहून अधिक. हा आकडा ऐकून कोणालाही निश्चिंत वाटेल, पण त्या सरोवराचा विस्तार सुमारे 1,100 चौरस किलोमीटर आहे आणि पूर्ण भरले तरी त्याची सरासरी खोली सात मीटरच्या आसपासच राहते. याचा अर्थ पातळी एका मीटरने उतरली की जवळजवळ 39 टीएमसी पाणी गेले, म्हणजे आपले काळम्मावाडीचे अख्खे धरण भरून वर बरेच उरेल एवढे. उन्हाने वर्षाकाठी एक मीटरहून जास्त पाणी बाष्पीभवनात जाते आणि सरोवरावर थेट पडणारा पाऊस ती तूट भरून काढू शकत नाही. उरलेली भरपाई लेर्मा नदीने करायची, पण ती नदी वरच्या राज्यांतील धरणे आणि शेती ओलांडून खाली येते.

2002 साली हे सरोवर त्याच्या क्षमतेच्या 15 टक्क्यांच्या आसपास आले होते. त्याआधी 1950 च्या दशकातही अशीच वेळ आली होती. 2003 आणि 2004 मधील चांगल्या पावसाने आणि वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्याने ते सावरले, त्यासाठी वरच्या भागातील शेतकऱ्यांचा विरोध पत्करावा लागला आणि 2004 च्या अखेरीस खोऱ्यातील राज्यांमध्ये पाणीवाटपाचा करार झाला. त्यानंतरही पातळी चढउतार करीतच आहे. तेव्हा सरोवर नाहीसे होईल अशी भीती मी दाखवणार नाही, पण खिडकीतून दिसणारे पाणी एखाद्या वर्षी बरेच लांब गेलेले पाहण्याची तयारी मनात असावी.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, काठावरच्या या गावांना नळाने येणारे पाणी बहुतांशी खोल विहिरींमधून उपसलेले असते, सरोवरातून नव्हे. त्यामुळे सरोवर तुडुंब असतानाही तुमच्या गल्लीत पाणी नसणे शक्य आहे. आपण कोल्हापूरकरांनी हे 2019 आणि 2021 च्या महापुरात अनुभवले आहे. पंचगंगेने शहराला वेढा घातला होता आणि उपसा केंद्रे बुडाल्यामुळे नळ कोरडे होते. पाणी जवळ असणे वेगळे आणि ते घरात येणे वेगळे. म्हणून तुमची चौकशी विहीर, पंप, वीजपुरवठा आणि साठवणूक या चार गोष्टींवर असू द्यावी.

इचलकरंजीचा रहिवासी

साहेबांच्या म्हणण्याला दुजोरा देतो. आमच्या गावाशेजारून पंचगंगा वाहते, तरी प्रदूषणामुळे तिच्यावर विसंबता येत नाही आणि दूधगंगेतून पाणी आणण्याच्या सुळकूड योजनेला त्या काठच्या गावांचा विरोध आहे. दोन्ही बाजूंची गरज खरी आहे, म्हणूनच तो प्रश्न इतका अवघड झाला आहे. चापालाच्या बाबतीतही वर शेतकरी, खाली लाखो लोकांचे शहर आणि मध्ये सरोवर अशीच रचना दिसते. आपण तिथे तिसरे मागणारे म्हणून जाणार आहोत, याचा विचार घर किती मोठे घ्यावे आणि बाग किती ठेवावी हे ठरवताना जरूर करावा.

परत आलेली (ताराबाई पार्क)

काका, मी यजमानांच्या नोकरीनिमित्त ग्वादलाहारात राहिले आहे, म्हणून घरातली व्यवस्था सांगते. तिथे बहुतेक घरांच्या अंगणाखाली ‘अल्हीबे’ म्हणजे जमिनीतील हौद असतो आणि गच्चीवर ‘तिनाको’ म्हणजे आपली टाकी. नळाचे पाणी आधी हौदात पडते आणि मोटारीने वर चढवले जाते. पाणी पिण्यासाठी वीस लिटरचा जार घरपोच मिळतो, नळाचे पाणी सहसा कोणी पीत नाही. टँकरला ‘पीपा’ म्हणतात.

घर पाहायला जाल तेव्हा हौदाचे झाकण उघडून त्याची क्षमता विचारा आणि हौद नसेल तर ते घर मनातून काढून टाका. पाऊस जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पडतो, त्यामुळे एप्रिल-मे हीच परीक्षेची वेळ. डिसेंबरच्या सुखद हवेत घर पसंत करणारे लोक ही बाजू पाहतच नाहीत. आधी भाड्याने राहून एक पूर्ण उन्हाळा काढावा, असे मी अगदी कळकळीने सांगते.

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलाने पाहिलेले एक घर कुंपणबंद वसाहतीत आहे आणि त्या वसाहतीची स्वतःची विहीर आहे, असे विक्रेता सांगतो. हे जमेचे मानावे का? दुसरा एक भूखंड अगदी पाण्यालगत असून तो स्वस्तात मिळतो आहे.

निवृत्त शाखा अभियंता (राधानगरी)

विहीर जमेची आहे, पण कागद पाहिल्याशिवाय नाही. मेक्सिकोच्या 1917 च्या राज्यघटनेतील 27 व्या कलमानुसार पाणी राष्ट्राच्या मालकीचे आहे आणि विहिरीतून उपसा करण्यासाठी राष्ट्रीय जल आयोगाचा परवाना लागतो. तो परवाना वसाहतीच्या नावावर आहे की मूळ बांधकाम व्यावसायिकाच्या, त्याची मुदत कधी संपते, वर्षाला किती घनमीटर उपसा मंजूर आहे आणि तेवढ्यात सगळी नियोजित घरे भागतात का, हे स्थानिक वकिलाकडून लेखी तपासून घ्यावे. जुन्या रहिवाशांना पंप बंद पडल्यावर दुरुस्तीला किती दिवस लागतात, हेही विचारावे.

पाण्यालगतच्या स्वस्त भूखंडाचा मोह मात्र टाळावा. पाणी मागे हटल्यावर उघडी पडलेली जमीन तिथे केंद्र सरकारची असते. आपल्याकडे धरणाच्या गाळपेर जमिनीवर घर बांधायला जसे कोणी धजणार नाही, तसेच हे. चांगला पाऊस झाला की सरोवर आपली जागा परत घेते, आणि 2002 नंतर तिथे ते घडलेले आहे.