लहान शहरांचे पोलीस दल म्हणजे मोठ्या शहरांची नक्कल

बॉस्टनमध्ये १८३८ मध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये १८४५ मध्ये पोलीस दल स्थापन झाले, याचा दाखला देऊन असे म्हटले जाते की, अमेरिकेत पोलीस दलातील सुधारणा मोठ्या शहरांत झाल्या आणि लहान शहरांनी त्यांची केवळ नक्कल केली. दलांच्या स्थापनेपुरते हे मान्य. पुढच्या काळाबद्दल मात्र नाही. कॅलिफोर्नियातील बर्कली हे १९१० मध्ये जेमतेम ४० हजार वस्तीचे शहर होते. तेथे १९०५ मध्ये ऑगस्ट व्होल्मर हे मार्शल, म्हणजे शहराचे कायदा-सुव्यवस्था अधिकारी, म्हणून निवडून आले (हे पद तेव्हा मतदानाने भरले जाई) आणि १९०९ मध्ये ते पहिले पोलीसप्रमुख झाले. त्यांनी शिपायांना सायकली दिल्या. चौकांत टांगलेले दिवे मुख्यालयातून लावले की, फेरीवरचा शिपाई जवळच्या पेटीतील दूरध्वनीवरून ठाण्याशी बोलत असे, अशी व्यवस्थाही त्यांनी उभी केली.

दल आटोपशीर असल्यामुळेच असे प्रयोग शक्य झाले असावेत, असे मला वाटते. हजारो शिपायांच्या आणि राजकीय वशिल्याच्या दलात ते रखडले असते. १९०८ मध्ये तेथे पोलिसांसाठी शाळा सुरू झाली, महाविद्यालयीन तरुणांना भरतीत प्राधान्य मिळू लागले आणि १९२१ मध्ये याच दलातील जॉन लार्सन यांनी खोटे पकडण्याचे यंत्र तयार केले, ज्याच्या विश्वासार्हतेबद्दल पुढे त्यांनाच शंका वाटू लागली. वॉल्टर गॉर्डन या कृष्णवर्णीय तरुणाला १९१९ मध्ये याच दलाने नेमले. नोकरी सांभाळून ते कायदा शिकले आणि १९५५ मध्ये अमेरिकेच्या ताब्यातील व्हर्जिन बेटांचे राज्यपाल झाले.