शॉकअपचा खालचा बोल्ट तुम्ही कसा सोडवलात? (अनुभव धागा)

पावसाळा सरला की मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपची ऑइल सीलं बदलायचं काम निघतं. घरी होण्यासारखं काम आहे, पण बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडतं: बॉटम केसच्या (शॉकअपच्या खालच्या जाड नळीच्या) बुडात खोल बसलेला ॲलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेला. तो खालून आत जाऊन सीट पाइपच्या, म्हणजे शॉकअपच्या आतल्या बारीक नळीच्या, आट्यांत बसतो आणि त्या सीट पाइपला आत धरून ठेवायला स्प्रिंगच्या दाबाखेरीज काही नसतं. त्यामुळे होतं काय, की ॲलन कीबरोबर बोल्ट फिरतो, बोल्टबरोबर पाइप फिरतो, आणि संध्याकाळपर्यंत फिरवत बसलं तरी बोल्ट बाहेर येत नाही. दुसरा प्रकार म्हणजे बोल्ट जागचा हलतच नाही. दोन्हींवर औषध वेगळं.

तर लिहा. गाडी कुठली, काय अडलं, कशाने सुटलं. ‘गॅरेजला टाका’ सोडून काहीही चालेल.

सुरुवात मी करतो. माझी स्प्लेंडर. शॉकअप गाडीवरून उतरवण्याआधीच वरचा टॉप बोल्ट सैल करून घेतो, कारण खालच्या टी-ने (शॉकअप धरणाऱ्या दोन आडव्या पट्ट्यांपैकी खालच्या) शॉकअपचा वरचा मोठा पाइप जसा घट्ट धरलेला असतो तसा घरच्या कुठल्याही चिमट्यात धरता येत नाही. मात्र वरच्या टी-ला आवळणारा बोल्ट असेल तर त्याआधी तो ढिला करायचा. तो पाइपला टॉप बोल्टच्या आट्यांवरच दाबत असतो, आणि लोक तो तसाच ठेवून पाना तोडतात. खालच्या बोल्टसाठी शॉकअप उलटा करून टॉप बोल्टची बाजू लाकडी फळीवर टेकवतो. स्प्रिंग आत, टॉप बोल्ट जागेवर. भाऊ दोन्ही हातांनी बॉटम केसवर भार टाकतो, स्प्रिंग दबते, सीट पाइप बुडाशी घट्ट बसतो, आणि मी एक झटका देतो. हळूहळू जोर वाढवत नेला तर पाइप फिरतो. झटका हवा.

घाटरस्ता, सातारा

झटक्याच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मी बॅटरीवरची इम्पॅक्ट गन वापरतो. गनचे ठोके इतके भराभर पडतात की जड सीट पाइपला सोबत फिरायला सवड मिळत नाही. ट्रिगर जेमतेम दाबला की बोल्ट सुटलेला असतो. गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे हवेची गन असते. चहा पाजला तर तो कुरकुर न करता मारून देतो.

समुद्रकाठी, रत्नागिरी

आमच्याकडे बोल्ट फिरतो ही तक्रारच नाही, कारण आमच्याकडे काहीच फिरत नाही! खारी हवा, त्यात बॉटम केस ॲल्युमिनियमची आणि बोल्ट लोखंडी. दोन धातू आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन आट्यांत ठासून बसतं. सर्वांत वाईट अवस्था मडगार्डच्या बारक्या बोल्टांची आणि ॲक्सल आवळणाऱ्या बोल्टची असते. जोर लावला की डोकं हातात आणि बाकीचा बोल्ट आत.

माझी पद्धत अशी. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. डब्लूडी-40 असेल तर तेही चालतं, पण ते मुळात 1953 साली पाणी हटवण्यासाठी बनवलेलं. जाम आट्यांसाठी मुद्दाम मिळणारं तेल जास्त आत शिरतं. सकाळी किटलीभर उकळतं पाणी बॉटम केसवर, बोल्टच्या आजूबाजूला हळूहळू ओतायचं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, तेवढ्यात पकड सुटते. मग पाना लावून आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, पुन्हा आवळायच्या. कुरकुर आवाज आला की समजा भुकटी फुटली. तिथून पुढे घाई केली तर बोल्ट तुटतोच. पाव फेरा पुढे, जरा मागे, थेंबभर तेल, असं करत बाहेर काढायचा.

लेथवाल्याची पोरगी, इचलकरंजी

स्प्रिंग दाबूनही पाइप फिरत असेल तर त्याला वरून धरण्याशिवाय इलाज नाही. टॉप बोल्ट आणि स्प्रिंग काढा, ऑइल ओतून द्या, आणि पाइपमधून टॉर्च मारून सीट पाइपचं तोंड कसं आहे ते आधी बघा. काहींच्या तोंडाला षटकोनी किंवा बाराकोनी खाच असते. त्या मापाचा नट लांब सळईला वेल्ड करून वर आडवी दांडी जोडली की झाला टी-पाना. बाबांच्या भंगारातल्या तुकड्यांत माझं हत्यार झालं. तोंड नुसतंच गोल असेल तर लाकडी दांडा टोकाला निमुळता तासा आणि वरून हातोडीने ठोकून बसवा. लाकूड चिमतं आणि पकडतं. कुदळीचा जुना दांडा झकास. झाडूची काठी पिचकते. नंतर आतले लाकडाचे तूस रॉकेलने धुऊन काढायला मात्र विसरू नका, नाहीतर तेलाची बारकी भोकं बुजतील आणि शॉकअप दगडासारखा होईल.

संत्रानगरी, नागपूर

राजेहो, एवढा खटाटोप कायले? गन लावा, मोकळे व्हा.

समुद्रकाठी, रत्नागिरी

भाऊ, की बसायची खाच चांगली असेल तर गन. झिजलेली असेल तर गन उरलेले कोपरेही साफ करून देईल.

मिठाचा रस्ता, लेस्टर

मूळची सांगलीची, आता इंग्लंडमध्ये. इथे हिवाळ्यात बर्फ जमू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे रत्नागिरीकरांचं दुःख पोचलं.

मी जुनी गाडी घेतली तेव्हा आधीच्या कुणीतरी खाच गोल करून ठेवली होती. एक गोष्ट इथे अजून कुणी लिहिली नाही: की घालण्याआधी खाच साफ करा. बुडात चिखल आणि गंज ठासलेला असतो, की अर्धीच बसते आणि अर्ध्या खोलीचे कोपरे उडतात. दाभणाने कोरून, ब्रेक क्लीनर मारून, की हातोडीने टिचकी देत तळाला टेकेपर्यंत बसवायची. आणि गोल टोकाची की या कामाला अजिबात नको. आठ मिलिमीटरच्या बोल्टला सहाची की आणि दहाच्या बोल्टला आठची, हे साधारण माप.

माझं प्रकरण त्याच्या पलीकडे गेलेलं. जेमतेम बसेल असा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा) बिट ठोकून पाहिला, तोही फिरला. शेवटी ड्रिलने डोकं उडवलं. ऐकायला भयंकर वाटतं, पण डोकं गेलं की ताण जातो, बॉटम केस सरळ निघून येते, आणि सीट पाइपमध्ये उरलेला तुकडा पकडीने आरामात फिरतो. बोल्टच्या दांड्याच्या जाडीइतक्याच बिटने, डोक्याच्या उंचीपुरतंच ड्रिल करायचं, खाली केसची बैठक खरवडू द्यायची नाही. ड्रिल बिट उलट्या पिळाचा मिळाला तर उत्तम. कधीकधी ड्रिल करतानाच बोल्ट सुटून येतो.

नवा गडी, ठाणे

हीट गन चालते का? गॅरेजवाले थेट गॅसची ज्योत लावतात.

घाटरस्ता, सातारा

हीट गन चालते, आणि बोल्टला लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावलेलं असेल तर तिचाच उपयोग होतो. तापल्यावर ते मऊ पडतं. पण शॉकअप गाडीवरून उतरवून, पेट्रोलच्या टाकीपासून लांब, आणि ऑइल आधी काढून घेऊन. तेल भरलेली बंद नळी तापवायची नाही. रॉकेल, ब्रेक क्लीनर मारलेलं असेल तर तेही पूर्ण सुकू द्या. सील तसंही नवीन टाकणार, त्यामुळे ते वितळलं तरी दुःख नाही. ज्योतीने मात्र केसचा रंग जातो, आणि ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, एकदम खचतं.

नवा गडी, ठाणे

सुटला! तापवून, वर बायकोला बॉटम केसवर भार टाकायला लावून. आता बसवताना?

लेथवाल्याची पोरगी, इचलकरंजी

वहिनींना नमस्कार सांगा. तांब्याचा वायसर नवीनच टाका, जुना दबलेला असतो आणि तिथूनच ऑइल पाझरतं. आटे कोरडे करून निळ्या लॉकटाइटचा थेंब, आणि टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं ते, मॅन्युअलमध्ये बघून. बोल्ट शेवटचा आवळायचा तो स्प्रिंग आणि टॉप बोल्ट बसवल्यावर, म्हणजे पाइप फिरत नाही. आणि ग्रीस मडगार्डच्या बोल्टांना, ॲक्सलला. या बोल्टला नाही.