‘आफिश’ला मराठीत काय म्हणावे?

कोरा कागद :
पॅरिसमधील एका संग्रहालयाच्या चित्रपरिचयाचे भाषांतर करीत आहे. फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नार यांच्या ‘जिस्मोंदा’ या नाटकासाठी चित्रकार अल्फोन्स मुखाने 1894 च्या अखेरीस केलेल्या, दोन मीटरहून उंच ‘आफिश’ला (फ्रेंचमध्ये, सार्वजनिक जागी लावायचे छापील जाहिरातचित्र) मी ‘भित्तिपत्रक’ म्हटले. मसुदा वाचून मैत्रिणीने विचारले, “म्हणजे विद्यार्थी हाताने लिहून महाविद्यालयाच्या फलकावर लावतात, तसे का?” खरे तर मलाही आधी तेच आठवते. आपण काय लिहाल?

जुनी दौत :
भित्तिपत्रकच लिहावे. एका शब्दाला दोन अर्थ असले म्हणून तो टाकून ‘पोस्टर’ उसने आणण्याचे कारण नाही.

खडूफळा :
पण भिंत कुठे आहे? पॅरिसमध्ये 1868 पासून नाटकांच्या जाहिरातींसाठी मुद्रक मॉरिस यांचे गोल खांब उभे राहिले. ‘पोस्टर’मधले ‘पोस्ट’ म्हणजेही मुळात खांबच, टपाल नव्हे. उसना शब्दच येथे अधिक नेमका आहे.

जुनी दौत :
व्युत्पत्तीवरच अर्थ ठरवायचा, तर शेंगदाण्याच्या तेलाला तेल म्हणता येणार नाही; ते फक्त तिळाचेच असेल.

उंबरठा :
पॅरिसच्या भिंतींवर 29 जुलै 1881 च्या कायद्याचा हवाला देऊन आफिश लावण्यास केलेली मनाई आजही वाचायला मिळते. आपल्याकडे त्याच जागी ‘येथे जाहिराती लावू नयेत’ असे रंगवतात. मग ‘जाहिरात’ का नको?

शिळाछाप :
कारण जाहिरात कोणी जपून ठेवत नाही. आफिश मात्र जपले गेले: फ्रेंच आफिशकार ज्यूल शेरेने तुलूझ-लोत्रेक, मुखा आदी चित्रकारांच्या आफिशांच्या लहान आवृत्त्या वर्गणीदारांसाठी छापल्या. 1895 ते 1900 या काळात अशी 256 चित्रे निघाली. माझे आजोबा शिळाप्रेसवर होते, त्यामुळे मला छपाईचा धागा मोलाचा वाटतो. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, तेही उलटे, आणि सहसा प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. त्याच 1894 मध्ये गिरगावात रवि वर्मा यांचा छापखाना सुरू झाला, आणि तिथल्या रंगीत शिळाछापांना घरोघरी ‘तसबीर’ म्हणू लागले. पद्धत तीच, एक रस्त्यावर गेली, दुसरी देवघरात. म्हणून मी ‘शिळाछाप नाट्यचित्र’ सुचवतो.

खडूफळा :
हे वर्णन झाले, नाव नव्हे. रस्त्यावरून जाणारा माणूस एवढे म्हणेपर्यंत नाटक उतरेल.

उंबरठा :
‘आफिश’ आणि ‘अफवा’ यांचे काही नाते असेल का? दोन्ही गावभर पसरतात.

जुनी दौत :
मुळीच नाही. ‘अफवा’ अरबी आहे, ‘तोंडे’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला. ‘आफिश’च्या मुळाशी चिकटवणे, खिळवणे आहे. त्या न्यायाने ‘डकवपत्र’ म्हणावे लागेल, आणि ते मला तरी ऐकवत नाही.

शिळाछाप :
डकवपत्र वाईट नाही. मात्र ‘मुखा’ हा चेक उच्चार झाला. पॅरिसच्या मजकुरात ‘म्यूशा’ हवे.

जुनी दौत :
माणूस मोराव्हियाचा, तेव्हा ‘मुखा’च. पॅरिसकरांना उच्चार जमला नाही, त्याची शिक्षा त्याला कशाला?

कोरा कागद :
मसुदा उद्या द्यायचा आहे. तूर्त ‘पोस्टर’ लिहिते. ‘मुखा’ राहू द्यावा का?

शिळाछाप :
‘म्यूशा’.