स्लीपर, बर्थ, शायिका: नेमका फरक काय?

प्रश्न: रेल्वेतले ‘स्लीपर’ आणि ‘बर्थ’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? रुळाखालच्या लाकडालाही स्लीपरच म्हणतात, ते कसे? आणि बर्थसाठीचा ‘शायिका’ हा शब्द ओढूनताणून केलेला आहे का?

उत्तर १: चालत नाहीत. स्लीपर म्हणजे डबा किंवा वर्ग. बर्थ म्हणजे त्यातली एकाची निजायची फळी. म्हणून ‘स्लीपरचं तिकीट’, पण ‘खालचा बर्थ’. रुळाखालचा स्लीपर वयाने मोठा. आडवे पडून वरचा भार पेलणाऱ्या तुळईला इंग्रजीत रेल्वेच्या आधीपासून हे नाव होते. डब्याचे नाव ‘स्लीपिंग कार’वरून आले. एकात लाकूड निजते, दुसऱ्यात माणूस. पायातली स्लीपर मात्र वेगळी. ती ‘स्लिप’वरून, म्हणजे पाय सरकवून घालायची.

उत्तर २: बर्थ आला जहाजावरून. आधी जहाजाला लागणारी मोकळी जागा, मग खलाशाची फळी, मग रेल्वे. बंदरात जहाज आजही बर्थला लागते. मूळ बहुधा ‘वाहणे’ अर्थाचे ‘बेअर’. जन्म या अर्थाचा बर्थही त्याच कुळातला. इंग्रजीत स्पेलिंग वेगळे, देवनागरीत दोघे एकसारखे.

१८३०च्या दशकात पेनसिल्व्हेनियात कंबरलँड व्हॅली रेल्वेने झोपण्याचा डबा चालवला, त्यातही एकावर एक तीन फळ्या होत्या. झोपण्याचे डबे बनवणारे अमेरिकी उद्योजक जॉर्ज पुलमन यांच्या १८६५च्या ‘पायोनियर’ डब्यात खरी करामत बिजागरीची. समोरासमोरच्या दोन बैठका ओढून जोडल्या की खालचा बिछाना तयार. वरचा बर्थ दिवसा छताकडे मिटलेला, अंथरूण-पांघरूण त्याच्याच पोटात.

आपला साइड लोअर याच तत्त्वावर चालतो: दोन खुर्च्यांच्या पाठी आडव्या केल्या की एक बर्थ. पाठ नीट सपाट बसली नाही तर मधल्या सांध्याचा उंचवटा रात्रभर कमरेला टोचतो.

उत्तर ३: ‘शायिका’ अजिबात ओढूनताणून नाही. पाणिनीच्या ३.३.१११ या सूत्रावर ‘काशिका’ या जुन्या टीकेत उदाहरण आहे, ‘भवतः शायिका’: तुमची निजण्याची पाळी. दिवसा सगळ्यांचे बाक आणि रात्री एकाचा बिछाना, अशा फळीला याहून नेमका शब्द मिळणे कठीण! ‘शयनयान’ (शयन + यान) मात्र अख्ख्या डब्यासाठीच वापरावा. ‘माझे शयनयान २३’ चूक.

उत्तर ४: क्रियापदही सांभाळावे. पुलमनचा वरचा बर्थ खाली ओढायचा. आपला मधला दिवसा पाठ टेकायला खाली लोंबतो, रात्री वर उचलून साखळ्यांना अडकवायचा. म्हणून ‘मिडल लावणे’ हेच बरोबर. साखळी अर्धवट अडकली तर वजन पडताच फळी निसटते, तेव्हा चढण्याआधी दोन्ही टोके हाताने दाबून पाहावीत. लावायची वेळ रात्री १० ते सकाळी ६.

७२ बर्थच्या जुन्या स्लीपर डब्यात क्रमांकाला ८ने भागावे. बाकी १ किंवा ४ खालचा, २ किंवा ५ मधला, ३ किंवा ६ वरचा, ७ साइड लोअर, शून्य साइड अप्पर. वरच्या उत्तरातला २३ म्हणजे साइड लोअर.

‘फळी’ हा बोलीतला शब्द अगदी खरा होता. दुसऱ्या वर्गाच्या उघड्या लाकडी बर्थवर दोन इंचांची गादी आली ती राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना.