नागमोडी ड्राफ्ट सोडून पाहिलेल्यांचे अनुभव: फँटसी फुटबॉल लीगमधील निरनिराळ्या निवडपद्धती

फँटसी फुटबॉलमध्ये प्रत्येक जण अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंमधून आपला काल्पनिक संघ निवडतो आणि त्यांच्या प्रत्यक्ष खेळावरून गुण मिळवतो. या निवडीलाच ड्राफ्ट म्हणतात. आमच्या बारा जणांच्या अशा लीगला या ऑगस्टमध्ये अकरा वर्षे पूर्ण होतील. इतकी वर्षे आम्ही खेळाडूंची निवड एकाच पद्धतीने करत आलो आहोत: पहिल्या फेरीत १ ते १२, दुसऱ्या फेरीत १२ ते १, आणि पुढे त्याच नागमोडी क्रमाने. २०२४ मध्ये चिठ्ठ्यांमध्ये मला पहिला क्रमांक मिळाला आणि मी ख्रिश्चन मॅकॅफ्री या नामांकित रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला) घेतले. घोट्यामागच्या स्नायुबंधाच्या दुखण्यामुळे तो हंगामाचे पहिले आठ सामने खेळू शकला नाही, परतल्यावर चौथ्या सामन्यात गुडघा दुखावून बसला आणि तिथेच त्याचा हंगाम संपला. दुखापतीबद्दल माझी तक्रार नाही. मला खटकले ते असे की अकराव्या क्रमांकावरच्या मित्राला त्याला घेण्याची संधीच नव्हती आणि मला त्याला सोडण्याचे धैर्य नव्हते. आमच्या दोघांचाही निर्णय एका चिठ्ठीने आधीच करून टाकला होता.

निवडीच्या क्रमाचे हे दुखणे या खेळाइतकेच जुने आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेतील ओकलंड येथे बिल विंकेनबाख यांच्या आठ संघांच्या लीगने पहिला ड्राफ्ट केला, तेव्हा पहिली निवड क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा सूत्रधार) जॉर्ज ब्लांडाची झाली आणि रनिंग बॅक जिम ब्राउन दुसऱ्या क्रमांकावर गेला. त्या हंगामात ब्राउनने १,८६३ यार्ड धाव घेतली.

ज्यांनी नागमोडी ड्राफ्ट सोडून दुसरी पद्धत प्रत्यक्ष चालवली आहे, त्यांनी आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा अशी विनंती आहे. पद्धत का बदलली, पहिल्या वर्षी काय बिघडले आणि नंतर कोणता नियम घालावा लागला, हे विशेष हवे आहे. नुसत्या शिफारशीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

लिलाव, सात वर्षे (मी आमच्या लीगची कमिशनर, म्हणजे व्यवस्था पाहणारी, आहे)

आम्ही लिलावाकडे वळलो त्याचे कारण तुम्ही लिहिले आहे तेच होते: प्रत्येक खेळाडू प्रत्येकाला मिळू शकला पाहिजे. प्रत्येक संघाला २०० डॉलरचे आभासी अंदाजपत्रक, १६ जागा आणि किमान बोली १ डॉलर, ही सर्वत्र रूढ असलेली मांडणी आम्ही तशीच घेतली. उरलेल्या प्रत्येक जागेसाठी एक डॉलर राखून ठेवावाच लागतो, त्यामुळे आरंभी कोणालाही १८५ डॉलरपेक्षा मोठी बोली लावता येत नाही. हे गणित लिलावाच्या आधी सर्वांना समजावून सांगितले नाही, तर मध्यावर कोणाची तरी बोली नाकारली जाते आणि वातावरण बिघडते, हे मी पहिल्याच वर्षी अनुभवले.

पहिल्या वर्षी माझी स्वतःची चूक संयमाची होती. मोठ्या खेळाडूंचे भाव मला अवाजवी वाटत होते, म्हणून मी थांबत राहिले आणि दुसऱ्या तासाच्या अखेरीस माझ्याकडे सर्वांत जास्त पैसे होते, पण ते खर्च करण्याजोगे खेळाडूच उरले नव्हते. लिलाव संपला तेव्हा माझे २३ डॉलर शिल्लक होते आणि हंगामात त्यांचा काडीचाही उपयोग नव्हता. सुरुवातीच्या बोली महाग वाटतात, कारण तेव्हा सर्वांच्या खिशात पैसे असतात. पण पहिल्या दर्जाचे खेळाडूही तेव्हाच पुकारले जातात. दुसऱ्या वर्षी मी उलट टोकाला गेले आणि दोन रनिंग बॅकवर मिळून १२८ डॉलर घालवले. उरलेल्या ७२ डॉलरमध्ये १४ जागा भरायच्या होत्या, म्हणजे सरासरी पाच डॉलरांहून थोडे अधिक. त्या वर्षी माझा संघ अंतिम फेरीत गेला, परंतु त्याचे श्रेय त्या दोघांना नव्हते. एकेका डॉलरला घेतलेल्या दोन वाइड रिसीव्हरांनी (फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंनी) ते घडवले, आणि हे मी आधी ओळखले होते असा दावा मी करू शकत नाही.

पुकारण्याची, म्हणजे पुढच्या बोलीसाठी खेळाडूचे नाव सुचवण्याची, बाजू मला सर्वांत उशिरा उमगली. नाव पुकारण्याची पाळी आली की नवखा माणूस आपल्याला हवा असलेला खेळाडू पुकारतो. जाणकार माणूस मात्र स्वतःला नको असलेला, पण इतरांना हमखास हवा असलेला खेळाडू आधी पुकारतो, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची थैली हलकी होते. आमच्या लीगमधील एक सदस्य पहिल्या तासात सातत्याने नामांकित क्वार्टरबॅक पुकारत असे आणि स्वतः एकदाही बोली लावत नसे. मला त्याचा हेतू कळायला तीन वर्षे लागली.

आता तोट्याची गोष्ट. बारा संघांच्या १६ जागा म्हणजे १९२ खेळाडू, आणि प्रत्येकाचा स्वतंत्र लिलाव. आम्हाला दरवर्षी चार तास लागतात. एका वर्षी एका सदस्याला ऐनवेळी यावयास जमले नाही आणि संगणकाने त्याच्या वतीने बोली लावल्या. त्या यंत्राने काही खेळाडूंचे भाव अकारण चढवले, आणि त्याची झळ केवळ त्या अनुपस्थित सदस्याला बसली नाही, तर सर्वांनाच बसली. नागमोडी ड्राफ्टमध्ये गैरहजर माणूस प्रामुख्याने स्वतःचेच नुकसान करतो, लिलावात तो बाजारच बिघडवतो. त्यानंतर आम्ही नियम केला की स्वतः येता येत नसेल तर प्रतिनिधी पाठवावा, यंत्रावर सोपवू नये.

लिलाव सोडून परत नागमोडी पद्धतीकडे

वरील अनुभवाशी मी सहमत आहे, तरीही आमच्या लीगने तीन वर्षांनी लिलाव बंद केला. आमच्यातील चार जण हंगाम सुरू होण्याआधी फार तर एक संध्याकाळ तयारी करत असत. नागमोडी ड्राफ्टमध्ये खेळाडू सरासरी कितव्या क्रमांकाला निवडले जातात याची यादी समोर ठेवून त्यांचा बरा संघ उभा राहत असे. लिलावात मात्र तयारीतील अंतर उघडे पडले आणि तेच चौघे सलग दोन वर्षे तळाशी राहिले. तिसऱ्या वर्षी त्यांपैकी दोघे लीग सोडून गेले. लिलाव अधिक न्याय्य आहे हे मला मान्य आहे, पण तो तयारी करणाऱ्याला न्याय देतो, आणि आमची लीग ज्या मैत्रीसाठी सुरू झाली होती तिला ते झेपले नाही.

तिसरी फेरी उलटवणे आणि जागेची पसंती

तुमची मूळ अडचण दूर करण्यासाठी संपूर्ण पद्धत बदलण्याची गरज नाही, असे मला वाटते. आम्ही दोन लहान बदल केले. पहिला म्हणजे तिसऱ्या फेरीचा क्रम पुन्हा १२ पासूनच सुरू करणे. नेहमीच्या क्रमात पहिल्या संघाला १, २४ आणि २५ या निवडी मिळतात, तर बाराव्याला १२, १३ आणि ३६. तिसरी फेरी उलटवली की पहिल्याला १, २४ व ३६ मिळतात आणि बाराव्याला १२, १३ व २५. चौथ्या फेरीपासून क्रम पुन्हा नागमोडी चालतो. एखाद्या वर्षी दोन-तीन खेळाडू इतरांपेक्षा फार वरचढ असतील, तेव्हा हा अकरा जागांचा फरक खऱ्या अर्थाने भरपाई करतो. गुणवत्ता सपाट असेल त्या वर्षी मात्र तो पहिल्या क्रमांकाला जाचक ठरतो, असेही मी पाहिले आहे.

दुसरा बदल म्हणजे केंटकी डर्बी पद्धत. चिठ्ठीने थेट निवडीचा क्रमांक ठरत नाही. प्रत्येक जण आपल्याला कोणत्या जागा कोणत्या क्रमाने हव्या आहेत याची यादी आधी देतो आणि ज्याची चिठ्ठी प्रथम निघेल त्याला त्याच्या यादीतील पहिली जागा मिळते. नॅशनल फँटसी फुटबॉल चॅम्पियनशिपसारख्या मोठ्या पैशाच्या स्पर्धांमध्ये हे दोन्ही नियम एकत्र वापरले जातात, आणि तेथूनच आम्ही ते घेतले. पहिल्या वर्षी आमच्या बारापैकी पाच जणांनी पहिल्या क्रमांकाऐवजी मधली जागा वर लिहिली होती, हे पाहून मी चकित झालो.

बेस्ट बॉल आणि संथ ड्राफ्ट

लहान मूल घरात आल्यावर मला दर रविवारी सकाळी संघ लावणे अशक्य झाले, तेव्हा मी बेस्ट बॉलकडे वळले. यात ड्राफ्ट हेच संपूर्ण काम असते: हंगामात अदलाबदल नाही, वेव्हर (कोणाच्याही संघात नसलेले खेळाडू उचलणे) नाही, संघ लावणेही नाही, दर आठवड्याला तुमच्या खेळाडूंपैकी सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांची गणना आपोआप होते. मी खेळते त्या स्पर्धेत बारा संघ आणि अठरा फेऱ्या असतात, म्हणजे २१६ निवडी. प्रत्येक निवडीसाठी आठ तासांपर्यंत मुभा असलेला संथ ड्राफ्ट मी घेते. प्रत्येकाने सरासरी अर्धा तास घेतला तरी १०८ तास, म्हणजे साडेचार दिवस लागतात, आणि प्रत्यक्षात रात्रीचे तास धरता आठवडा सहज जातो. मला हा संथपणा आवडतो, कारण दोन निवडींच्या मध्ये विचार करता येतो.

निवडीचे निकष मात्र मुळापासून बदलावे लागतात. नेहमीच्या लीगमध्ये मी टाळत असे असा लहरी वाइड रिसीव्हर, जो एका आठवड्यात ३० गुण देतो आणि पुढील तीन आठवडे गायब असतो, तो येथे मौल्यवान ठरतो. वाईट आठवडे मोजलेच जात नाहीत. क्वार्टरबॅक आणि त्याच्याच संघाचा रिसीव्हर अशी जोडी घेतली की एका टचडाउनचे (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम क्षेत्रात पोहोचवण्याचे) गुण दोन्हीकडून मिळतात. पहिल्या वर्षी मी एकच क्वार्टरबॅक घेतला होता आणि त्याच्या बाय वीकमध्ये (त्याच्या खऱ्या संघाचा सामना नसलेल्या आठवड्यात) त्या जागेवर शून्य आले. तेव्हापासून मी किमान दोन घेते, आणि दोघांचे बाय वीक वेगळे आहेत ना, हे पाहते.

एक गोष्ट हरवते, ती म्हणजे आठवड्याच्या गप्पा. कोणाला बसवावे, कोणाला खेळवावे हा प्रश्नच उरत नाही, त्यामुळे सप्टेंबरनंतर आम्ही एकमेकांशी लीगबद्दल क्वचितच बोलतो.

कीपर लीग: एका खेळाडूमुळे बदललेला नियम

आमच्याकडे प्रत्येक संघ दोन खेळाडू पुढील वर्षासाठी राखू शकतो, आणि ज्या फेरीत तो खेळाडू घेतला होता ती फेरी खर्ची पडते. वेव्हरवरून उचललेल्याला शेवटची फेरी, असा आमचा नियम होता. २०२३ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये रॅम्स संघाने पाचव्या फेरीत निवडलेला पुका नाकुआ आमच्या ड्राफ्टमध्ये कोणीच घेतला नव्हता. हंगामाच्या आरंभी एका सदस्याने त्याला वेव्हरवरून घेतले आणि त्याने १०५ झेल व १,४८६ यार्ड असे नवोदित खेळाडूंचे तेव्हाचे विक्रम केले. पुढील वर्षी पहिल्या-दुसऱ्या फेरीच्या योग्यतेचा खेळाडू त्या सदस्याला सोळाव्या फेरीच्या मोबदल्यात मिळणार होता, आणि आमच्या नियमाप्रमाणे अनंत काळ मिळत राहणार होता. त्याने दूरदृष्टी दाखवली होती, त्यामुळे त्याचा हक्क काढून घेणे अन्यायाचे झाले असते. बरीच चर्चा होऊन ठरले की दरवर्षी किंमत पाच फेऱ्यांनी वाढावी आणि सलग दोन वर्षांहून अधिक काळ कोणालाही राखता येऊ नये. नियम पुढील हंगामापासूनच लागू केला, चालू हंगामाला नाही. ज्यांना कीपर पद्धत सुरू करायची आहे त्यांनी हे कलम पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे.

गिलोटिन

आम्ही अठरा जण आहोत. दर आठवड्याला सर्वांत कमी गुण मिळवणारा संघ बाद होतो, त्याचे सर्व खेळाडू वेव्हरवर येतात, आणि सतरा आठवड्यांनी एक संघ उरतो. ड्राफ्ट नागमोडीच असतो, पण अठरा संघांमुळे खेळाडू लवकर संपतात आणि पहिल्या आठवड्यात जिंकण्यापेक्षा शेवटचे न येणे महत्त्वाचे असते. म्हणून मी जखमी तारा अजिबात घेत नाही. दहाव्या आठवड्यात परत येणारा खेळाडू मला तोवर जगवू शकत नाही. पहिल्या वर्षी मी वेव्हरवरील खेळाडूंवर बोली लावण्यासाठीचे बहुतेक अंदाजपत्रक तिसऱ्या आठवड्यात एकाच रनिंग बॅकवर उधळले. नवव्या आठवड्यापासून दर्जेदार खेळाडू एकामागून एक मोकळे होऊ लागले, तेव्हा मी केवळ पाहत राहिलो आणि अकराव्या आठवड्यात बाद झालो.

व्हँपायर लीग, एकच वर्ष

एक संघ ड्राफ्टमध्ये भागच घेत नाही. सर्वांचे झाल्यावर उरलेल्यांतून तो संघ उभारतो, आणि एखाद्या आठवड्यात जिंकला तर हरलेल्याच्या खेळलेल्या संघातून एक खेळाडू घेऊन बदल्यात आपला एक देतो. ती भूमिका माझ्याकडे होती. पहिले पाच सामने मी हरले, सहावा जिंकले, आणि त्यानंतर माझ्याविरुद्धच्या सामन्याची प्रत्येकाला धास्ती वाटू लागली. ड्राफ्ट न करणे मला फार जड गेले, म्हणून पुन्हा ती भूमिका घेणार नाही.

धागा सुरू करणाऱ्याचा प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. लिलावाच्या अनुभवावर एक विचारायचे आहे: आमच्यातील तीन सदस्य वरील चौघांसारखेच आहेत, तयारीला वेळ नसलेले. त्यांना गमावायचे नाही. पहिल्या लिलावाआधी त्यांच्यासाठी काय करता येईल?

लिलाव चालवणाऱ्या कमिशनरचे उत्तर

आम्ही ड्राफ्टच्या आठवडाभर आधी अर्ध्या तासाचा सराव लिलाव ठेवतो. २०० डॉलर, पण केवळ पाच जागा, आणि त्याचा निकाल कुठेही धरला जात नाही. थांबून राहिल्यावर काय होते आणि घाई केल्यावर काय होते, हे त्या अर्ध्या तासात प्रत्येकाला स्वतःच्या पैशांवरून कळते. शिवाय मी प्रत्येकाला एक कागद देते, त्यावर प्रत्येक जागेपुढे अंदाजे किती खर्च करायचा आहे हे त्याने आधी पेन्सिलने लिहायचे असते. लिलाव चालू असताना तो खोडून बदलत जातो. ज्यांना वेळ नाही त्यांना मी एवढेच सांगते की सोळा खेळाडूंचा अभ्यास करू नका, पाच नावे ठरवा आणि त्यांपैकी तीन कोणत्याही परिस्थितीत घ्या. आमच्या लीगमधून लिलावामुळे अद्याप कोणी गेलेले नाही, पण सराव लिलाव आम्ही दुसऱ्या वर्षीपासून सुरू केला आणि पहिल्या वर्षी एकाने जवळजवळ राजीनामा दिला होता, हेही सांगितले पाहिजे.