आबाळ, संगोपन, प्रतिपालक : घरात छळ सोसणाऱ्या मुलांसाठी मराठीत नेमका शब्द कोणता?

सातपूरकरीण

मंडळी, एका पत्रकाचा मजकूर सोपा करून द्यायचं कबूल करून बसलेय आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. मूळ ओळ अशी : 'अत्याचारित बालके व किशोरांसाठी समुदाय-आधारित काळजी'. सांगायचंय ते साधं आहे. घरात मारझोड, उपासमार किंवा त्याहून वाईट काही सोसणाऱ्या प्रत्येक मुलाला बालगृहातच धाडावं लागतं असं नाही. ओळखीच्या वस्तीत, एखाद्या कुटुंबात त्याला सांभाळता येतं, आणि त्यासाठी शेजारीपाजारी लागतात.

परवा आमच्या इथल्या अंगणवाडीत सात-आठ बायकांना ओळ वाचून दाखवली. एक मावशी म्हणाल्या, "अत्याचारित म्हंजे बलात्कार झालेल्या मुली ना?" दुसऱ्या म्हणाल्या, "मग आमच्या गल्लीतलं पोरगं नाही यात बसत. त्याला बाप नुसता पट्ट्याने मारतो." त्या 'नुसता'नंतर मला पुढची ओळ वाचवेना.

पर्याय सुचवा. 'अत्याचारित', 'समुदाय', 'काळजी', 'किशोर', या चारही शब्दांना.

कोशाळू

ताई, मावशींचं चुकलेलं नाही. अति + आचार, म्हणजे मर्यादा सोडून वागणं, एवढाच मूळ अर्थ. पण बातमीत 'बलात्कार' लिहायचं टाळायला 'अत्याचार' लिहीत गेले आणि शब्द तिथेच रुतला. 'पीडिता'चंही तेच. पट्ट्याचा मार खाणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला या दोन्हीत जागा नाही.

जुने शब्द बघा : छळ, हाल, आबाळ, परवड, हेळसांड. आता त्यांची क्रियापदं बघा. छळ कोणीतरी करतं. हाल, आबाळ, परवड मात्र बहुधा होतात. 'आई गेली आणि पोरांची आबाळ झाली.' कोणी केली? वाक्यात कोणीच नाही, जणू अवकाळी पाऊस पडला. 'मार खाल्ला' तर त्याहून अजब, तिथे खाणारं पोरच कर्ता होऊन बसतं. हेळसांड तेवढी दोन्हीकडे चालते, झालीही आणि केलीही. हेळणे म्हणजे तुच्छ लेखणे, सांडणे म्हणजे टाकून देणे. माझं मत : 'छळ आणि हेळसांड' असं सुटं लिहा. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 75 मध्येही ताब्यातल्या मुलाला मारणं, टाकून देणं आणि जाणूनबुजून त्याच्याकडे दुर्लक्ष करणं एकाच ओळीत येतं. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही. दुर्लक्ष हाही गुन्हा आहे हे 'आबाळ' शब्दातून कधीच कळणार नाही.

निवृत्त मास्तर

'समुदाय'बद्दल. आपल्याकडे समुदाय जमतो तो सभेला किंवा रामकुंडावर पर्वणीला. रोजच्या बोलण्यात तो शब्द नाही. 'समाज' म्हणाल तर लोक विचारतील, कोणता समाज? आमच्या गावी 'समाजाने पोराची जबाबदारी घ्यावी' म्हटलं, की जातीची बैठक बसते आणि बापाला सांभाळून घेण्याचा ठराव होतो. पाहिलंय म्हणून सांगतो.

'वस्ती' किंवा 'गल्ली' लिहा. 'आपल्या गल्लीतलं पोर' म्हटलं की ऐकणारा आपोआप आत येतो.

कोशाळू

मास्तर, शासकीय कागदात मुलाला असं घरी सांभाळण्याला 'संस्थाबाह्य' म्हणतात. घर म्हणजे जे संस्थेच्या बाहेर आहे ते! घरच्या वरणभाताला हॉटेलबाह्य आहार म्हणण्यातला प्रकार.

सातपूरकरीण

हसले. पण आता 'काळजी'. मूळ मजकुरात पुढे 'प्रतिपालक कुटुंब' आहे, म्हणजे मुलाला काही काळापुरतं आपल्या घरी सांभाळणारं दुसरं कुटुंब. ते ठेवू का?

निवृत्त मास्तर

अजिबात नको. 'प्रतिपालक' ऐकला की माझ्या पिढीला पुढे गोब्राह्मण आठवतात, महाराजांच्या बिरुदामुळे. तिथे प्रतिपालक म्हणजे रक्षणकर्ता, आणि संस्कृतच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. पण मराठी माणसाच्या कानात 'प्रति'चा आज दुसराच अर्थ आहे. साताऱ्याचं प्रतिसरकार आठवा. खऱ्या सरकारला शह देणारं दुसरं सरकार. प्रतिपंढरपूर म्हणजे नक्कल. मग प्रतिपालक म्हणजे काय? खऱ्या आईबापाच्या विरोधात उभे केलेले किंवा त्यांची नक्कल केलेले! ज्या आईचं मूल सहा महिन्यांसाठी दुसऱ्या घरी जाणार आहे, तिला हा शब्द वाचून काय वाटेल? कायद्यात तर उलट आहे. कलम 44 नुसार, मुलाच्या हिताच्या आड येत नसेल तर जन्मदाते त्याला भेटायला येऊ शकतात.

सिडकोचा दादा

सरळ 'दत्तक' म्हणा ना. सगळ्यांना कळतं.

कोशाळू

दादा, तोच तर घोळ. दत्तक म्हणजे दिलेला, परत न येण्यासाठी दिलेला. त्याने नाव बदलतं, वारसा बदलतो. इथे मूल परत जाण्याची शक्यता उघडी ठेवायची असते. तसाही दत्तक शब्द झाडं, गावं आणि वाघ घेऊन पार पातळ झालाय.

त्यापेक्षा 'संगोपन'. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहेच, आता तिच्या नावात सावित्रीबाई फुले आहेत. संस्थेऐवजी कुटुंबात वाढणाऱ्या मुलामागे महिन्याला मिळणारं अनुदान 2023 मध्ये 1100 वरून 2250 रुपये झालं. त्यामुळे तलाठी कार्यालयाच्या रांगेतल्या आजीलाही शब्द माहीत असतो. 'संगोपनाचे पैसे आले का' म्हणतात.

आता गंमत बघा. संगोपन आला गुप् धातूवरून. गुप् म्हणजे राखणे, आणि गुप् म्हणजेच लपवणे. गुप्त, गोपनीय त्याचेच. जुगुप्सासुद्धा त्याच धातूची. या विषयात दोन्ही अर्थ लागतात. मुलाला राखायचं, आणि त्याचं नाव-गाव-फोटो लपवायचा. कलम 74 ओळख उघड करायला बंदी घालतं. पण घरातला मार 'घरची गोष्ट' म्हणून झाकतात, तेही गोपनच की.

इगतपुरीचा पाऊस

सगळे विद्वान 'सांभाळ'वर येणार हे दिसतंय, म्हणून आधीच सांगतो. आमच्या तालुक्यात तो शब्द जपून वापरा. 2022 मध्ये उभाड्याच्या कातकरी वस्तीतली मुलं थोड्या पैशांच्या आणि मेंढीच्या बदल्यात नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला नेल्याचं उघडकीला आलं. एक लहान मुलगी जिवानिशी गेली तेव्हा. वेठबिगारीच्या 1976 च्या कायद्याखाली गुन्हे नोंदले गेले. असल्या व्यवहारात कोणी 'पोर विकलं' म्हणत नाही. 'सांभाळायला दिलं', 'कामाला ठेवलं', 'खाऊन-पिऊन राहील' असंच बोलतात. मेंढरंही सांभाळतात, पोरंही सांभाळतात. शब्द तोच.

सातपूरकरीण

दादा, हे वाचून थांबले जरा.

मग शब्द शोधायचं सोडून लोक काय बोलतात ते आठवायला लागले. पंचवटीत आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन गोष्टी बदलून सांगते). बाल कल्याण समितीच्या (अशी मुलं कुठे राहतील ते ठरवणाऱ्या) आदेशाने त्यांच्याकडे एक मुलगा दीड वर्ष होता. पाहुण्यांनी विचारलं, हा कोण, तर काकू म्हणायच्या, "आमच्याकडे असतो." बस. ठेवलाय नाही, आणलाय नाही, सांभाळतो नाही. पाहुण्यांना वाटायचं भाचा असेल, शिकायला असेल. पुढे कोणी विचारत नसे.

पहिल्या महिन्यात तो पोरगा जेवताना ताट उचलून दाराशी जाऊन बसायचा. काकूंनी भांडी बाजारातून नवं ताट आणलं, दुकानदाराकडून त्यावर त्याचं नाव घालून घेतलं आणि घरातल्या ताटांच्या चळतीत ठेवून दिलं. बोलल्या काहीच नाहीत. चार-पाच दिवसांनी तो ताट घेऊन आत ओट्याजवळ बसला.

निवृत्त मास्तर

'असतो'! वा. 'मामाकडे असतो', 'पुण्याला असतो'. यात कोणी कोणाला ठेवत नाही. 'ठेवलाय'मध्ये मूल कर्म होतं, 'असतो'मध्ये ते कर्ता राहतं. कोशाळूंच्या आबाळीत करणारा गायब होतो तो दोष. इथे उपकार करणारा गायब होतो, तो गुण.

कोशाळू

मान्य. फक्त एक इशारा पत्रकात हवाच. भाषा कितीही घरगुती केली तरी कोणी परस्पर शेजारचं पोर घरी आणून ठेवू नये. 1098 ला, म्हणजे मुलांसाठीच्या मदतवाहिनीला, फोन करायचा, मुलाला 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, कोणाकडे राहायचं ते समिती ठरवते. नाहीतर 'आमच्याकडे असतो' म्हणणारा उद्या इगतपुरीवाल्या दादांनी सांगितला तसा पोरं कामाला नेणाराही निघेल.

इगतपुरीचा पाऊस

हेच म्हणणं होतं माझं. आणि शाळेत जातो का, हेही विचारा म्हणावं. आमच्याकडे तीच खूण.

सिडकोचा दादा

'किशोर' राहिला. आमच्याकडे चौदा-पंधराच्या पोराला घ्यायला कोणी तयार होत नाही. लहान असतं तर घेतलं असतं म्हणतात. आणि नाशिकच्या उंटवाडीच्या बाजूने आलेलं असलं तर 'रिमांडमधलं' म्हणून कायमचा शिक्का. तिथे बालगृह वेगळं, गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांचं निरीक्षणगृह वेगळं, पण लोकांना एकच शब्द येतो.

कोशाळू

'पोरसवदा' हा सुंदर शब्द अडगळीत गेलाय. अंगाने वाढलेला पण अजून पोरच. पण पत्रकात नको, अर्थ विचारत बसतील. '18 वर्षांपर्यंतची मुलं' लिहा, कायद्याने बालक तिथपर्यंतच. 'मोठी मुलंसुद्धा' हे शब्द ठळक छापा.

सातपूरकरीण

तर पहिली ओळ अशी केली : 'घरात छळ किंवा हेळसांड होणारी आपल्या गल्लीतली मुलं, मोठी मुलंसुद्धा, आपल्यातल्याच एखाद्या घरी राहू शकतात.' खाली 1098 आणि समितीची माहिती. शेवटी चित्रातल्या बाईच्या तोंडी 'आमच्याकडे असतो'.

आज पुन्हा अंगणवाडीत वाचलं. पट्ट्याचं बोलणाऱ्या मावशींनी नंबर पदराच्या गाठीत बांधून नेला. दुसऱ्या एकीने विचारलं, "असतो म्हणजे मुलगेच का? मुलगी कोण ठेवणार?" आता 'असतं' करू का? 'ते मूल आमच्याकडे असतं.'

निवृत्त मास्तर

व्याकरणाने ठीक. पण पंधरा वर्षांच्या मुलीला 'ते' म्हणून बघा एकदा. दोन चित्रं काढा, एकात असतो, एकात असते.