चालू मशीनमधून काढता येणारी हार्डडिस्क बॅकअपला वापरतंय का कोणी?

स्टुडिओवाली_सांगली
नमस्कार मंडळी. मारुती चौकाजवळ आमचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. एका लग्नाचं फुटेज आरामात ३००-४०० जीबी होतं. आत्तापर्यंत यूएसबीच्या डिस्का वापरल्या, पण वायरी सैल होतात आणि कॉपी मध्येच तुटते. डीव्हीडी रायटरच्या जागी बसणारा रॅक मिळतो म्हणे. पुढचं दार उघडून साडेतीन इंची साधी साटा डिस्क (एरवी कॉम्प्युटरच्या आत बसते ती) सरकवायची, मशीन बंद करायची गरज नाही. चालू मशीनमधून डिस्क ओढली तर खरंच काही होत नाही का? आमच्या ह्यांचं मत वेगळंच: दोन डिस्का आतच लाव, रेड-१ कर, म्हणजे सगळं आपोआप दोन्हीवर लिहिलं जातं, रोजची कटकट नको.

शाहूपुरीकर
ताई, साताऱ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आधी दादांच्या रेडचं बोलतो. रेड-१ म्हणजे एक डिस्क मेली तरी काम चालू राहावं एवढीच सोय. तुमच्या पोरानं चुकून फोल्डर उडवलं की ते दोन्हीकडून त्याच क्षणी उडतं. फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस आला तर दोन्ही डिस्का एकदमच जातात. त्याला बॅकअप म्हणू नका.

आता रॅक. साटाची जोडणीच चालू मशीनमध्ये लावता-काढता येईल अशी केलेली आहे. डिस्कच्या मागची पॉवरची पट्टी नीट बघा, सगळी टोकं सारख्या लांबीची नसतात. ग्राउंडची आधी टेकतात, बाकीची मागून, त्यामुळे ठिणगीबिणगी उडत नाही. पण बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) एएचसीआय हा डिस्कचा मोड पाहिजे आणि त्या पोर्टचं हॉट प्लग, म्हणजे चालू मशीनमध्ये डिस्क लावायची-काढायची सोय, चालू पाहिजे. जुन्या मशीनवर विंडोज आयडीई या जुन्या मोडमध्ये टाकलेलं असेल तर मोड थेट बदलू नका, चालूच होणार नाही. आधी जवळच्या जाणकाराला दाखवा.

काढताना खाली कोपऱ्यात 'सेफली रिमूव्ह' करायचंच, नाहीतर लिहायचं राहिलेलं अर्धवट राहतं. मग डिस्क दोन बोटं बाहेर ओढून थांबा. आतली तबकडी फिरत असते, हाताला भोवऱ्यासारखी थरथर लागते. ती थांबली की मगच उचला. घाई करणाऱ्यांच्याच डिस्का माझ्या टेबलावर येतात.

आणि घेताना एसएमआरवाली (एकमेकांवर थोड्या चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारी) डिस्क नको. थोडी स्वस्त पडते, पण भरलेल्या डिस्कवर परत लिहायला लागलात की रडवते.

विट्याचा_हिशेबनीस
शाहूपुरीकरांशी सहमत. माझी भर एवढीच की रोबोकॉपी या विंडोजमधल्या कॉपीच्या प्रोग्रामचा मिरर पर्याय जपून वापरा. मूळ फोल्डरमधून जे गेलं ते तो बॅकअपमधूनही पुसतो. शिवाय डिस्क बदलली की विंडोज तिला कधी एफ ड्राइव्ह म्हणतं, कधी जी. प्रत्येक डिस्कला नाव द्या आणि कॉपीच्या स्क्रिप्टला (आपोआप चालणाऱ्या आदेशांच्या फाईलला) अक्षर नाही, नाव तपासायला लावा.

मिरजकर७
ताई, मारुती चौक म्हणताय आणि डिस्क कुठं ठेवणार ते सांगत नाही! ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. २०२१ ला परत आलं. रॅक कितीही भारी घ्या, काढलेली डिस्क त्याच दुकानाच्या कपाटात राहिली तर कपाटासकट जाईल. तीन डिस्का घ्या. एक रॅकमध्ये, एक घरी, एक मिरजेला कुणा पाहुण्याकडं. दर आठवड्याला फिरवा.

स्टुडिओवाली_सांगली
आभार सगळ्यांचे. माहेर मिरजेचंच, त्यामुळं तिसऱ्या डिस्कची सोय झाली. ह्यांना रेडचं वाचून दाखवलं, "बघू" म्हणाले. 😄 एकच शंका: लोकांच्या लग्नाचे फोटो असे पिशवीतून न्यायचे, वाटेत पडली तर?

शाहूपुरीकर
बिटलॉकर लावा, म्हणजे पासवर्डशिवाय डिस्क उघडत नाही. विंडोज प्रो असेल तर त्यातच आहे. त्याची रिकव्हरी की (पासवर्ड विसरला तर लागणारा आकडा) छापून घ्या, पण त्याच पिशवीत घालू नका! पडण्याचं म्हणाल तर रबरी डबी मिळते, स्कूटीच्या डिकीत डिस्क नुसती टाकू नका. आणि महिन्यातून एकदा तरी मिरजेची डिस्क लावून एखाद्या लग्नाचा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा. कॉपी झाल्याचा मेसेज येणं वेगळं आणि फाईल उघडणं वेगळं.